रिक्षाच्या भाड्यातून उलगडलेलं यंत्र

तीन मैत्रिणी रात्री ठाणे स्टेशनवरून एकच रिक्षा करतात. पहिलीच्या घराशी मीटरवर ६० रुपये होतात, दुसरीच्या घराशी १२० आणि तिसरीच्या दारात १८०. आता कोणी किती द्यायचे? प्रत्येकी ६० म्हटलं तर पहिली म्हणेल, "एकटी आले असते तरी मला तेवढेच पडले असते, मग तुमच्याबरोबर येऊन मिळवलं काय?" सगळे तिसरीच्या माथी मारावेत, तर ती तरी का ऐकून घेईल?

अशा वाटणीचं गणित १९५३ साली लॉइड शॅपली नावाच्या एका अमेरिकन गणितज्ञाने सोडवलं. रिक्षाचं नव्हे, सगळ्याच वाटण्यांचं. चारजणांनी मिळून काही कमावलं किंवा खर्चलं, तर त्यात एकेकाचा वाटा किती?

त्याची युक्ती पाहा. सगळ्यांना एकेक करून आत येऊ द्या आणि प्रत्येकाच्या येण्याने बिल कितीने वाढलं ते लिहून ठेवा. पण रांगेत आधी कोण, यावर सगळं अवलंबून! तिसरी आधी आली तर १८० तिच्या नावावर आणि बाकीच्या दोघी फुकट. मग शॅपली म्हणतो, शक्य तेवढ्या सगळ्या रांगा लावा आणि सरासरी काढा. तिघींच्या रांगा सहा. पहिली मैत्रीण त्यातल्या दोन रांगांत सर्वांत पुढे असते, तेव्हा तिच्या नावावर ६० पडतात. उरलेल्या चारांत शून्य. सरासरी २०. दुसरीची येते ५०, तिसरीची ११०. बेरीज करा, चोख १८०.

आता हेच आकडे नीट बघा. पहिल्या टप्प्याचे ६० तिघींत, दुसऱ्या टप्प्याचे ६० दोघींत आणि शेवटचे ६० एकटीवर. कुठलीही समंजस मैत्रीण हेच सुचवेल! सहा रांगांची ती खटपट फिरून फिरून शहाणपणापाशीच आली.

खरी गंमत पुढे आहे. शॅपलीने न्याय्य वाटणीच्या चार साध्या अटी मांडल्या. वाट्यांची बेरीज एकूण रकमेइतकी व्हावी. ज्यांचं योगदान सारखं त्यांचा वाटाही सारखा. ज्याच्या येण्याजाण्याने काहीच फरक पडत नाही त्याचा वाटा शून्य. आणि दोन हिशेब वेगवेगळे केले काय किंवा एकत्र केले काय, उत्तर तेच यावं. यातली कुठलीच अट नाकारावीशी वाटत नाही. मग त्याने सिद्ध केलं, की या चारही अटी पाळणारी वाटणी जगात एकच आहे. न्यायासारख्या निसरड्या गोष्टीला एकच एक उत्तर!

हे सूत्र त्याने पुढच्याच वर्षी मार्टिन शुबिकबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला लावून पाहिलं. तेव्हा परिषदेत ११ सदस्य होते. त्यांतले पाच कायमचे आणि नकाराधिकार असलेले. ठराव पास व्हायला सात मतं लागत. पाच मोठे आणि सहा छोटे, म्हणजे छोट्यांकडे निदान तिसरा हिस्सा ताकद असेल असं वाटतं ना? हिशेब निघाला तो असा: पाच मोठ्यांकडे ९८.७ टक्के, सहा छोट्यांकडे मिळून १.३ टक्के. खुर्च्या मोजून ताकद कळत नाही, ती अशी रांगा लावून कळते.

शॅपली हार्लो शॅपली या नामवंत खगोलशास्त्रज्ञाचा मुलगा. २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (तेही दुसऱ्याच कामासाठी!), तेव्हा या गृहस्थांनी सांगितलं की मी गणितज्ञ आहे, अर्थशास्त्राचा एकही कोर्स आयुष्यात केलेला नाही. २०१६ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचं सूत्र भलत्याच दालनात गाजू लागलं.

कारण तिकडे मशीन लर्निंगवाले एका जुन्या अडचणीत सापडले होते. त्यांची मॉडेलं उत्तर अचूक देत, पण "का?" विचारलं की गप्प. समजा, कर्ज बुडवण्याची सरासरी शक्यता १२ टक्के आहे आणि एका अर्जदाराला मॉडेलने ३० टक्के दिले. हे वरचे १८ कशाचे? पगाराचे, जुन्या हप्त्यांचे, की क्रेडिट कार्डाच्या चुकलेल्या बिलाचे? मॉडेलच्या पोटात हजारो फाटे. एका माहितीचा परिणाम दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर.

ओळखीचं वाटतंय? १८ चं बिल झालं आहे आणि ते चारपाचजणांत वाटायचं आहे. फक्त प्रवासी माणसं नाहीत, अर्जातले रकाने आहेत! २०१७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्कॉट लुंडबर्ग आणि सू-इन ली यांनी 'शॅप' ही पद्धत मांडली. प्रत्येक रकान्याला एकेक करून आत आणायचं, अजून न आलेल्यांच्या जागी इतर अर्जदारांची माहिती घालायची आणि अंदाज किती हलला ते टिपायचं. मग उत्तर असं येतं: चालू हप्त्यांमुळे ११ ने वाढ, चुकलेल्या बिलामुळे ९ ने वाढ, आठ वर्षांच्या नोकरीमुळे २ ने घट. एकूण १८. असा प्रयत्न त्याआधीही झाला होता. पण या दोघांनी दाखवलं की मॉडेल समजावून सांगण्याच्या तेव्हाच्या अनेक पद्धती एकाच घराण्यातल्या आहेत आणि त्या घराण्यात साध्या रास्त अटी पाळणारं उत्तर एकच, शॅपलीचं.

मात्र रांगा किती लावणार? तीन प्रवाशांच्या सहा, दहांच्या ३६ लाखांवर. तीस रकान्यांचे नुसते गट मोजले तरी १०७ कोटींच्या पुढे. यावरची तोडही शॅपलीनेच काढून ठेवली होती. १९६० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत कोणत्या राज्याचं वजन किती हे काढताना त्याने आणि अर्विन मान यांनी सगळ्या रांगा लावण्याऐवजी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही निवडल्या आणि त्यांच्या सरासरीवर भागवलं. आजही मोठ्या मॉडेलांसाठी असंच नमुन्यावर काम भागवतात.

पद्धत निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. रकाने एकमेकांत गुंतलेले असले की हिशेबात अशक्य माणसं उभी राहतात: वय २२, नोकरीचा अनुभव ३० वर्षं. शिवाय 'शॅप' सांगते ती मॉडेलने कशाला किती वजन दिलं ही गोष्ट. जगात खरोखर कशामुळे काय घडतं, ही नव्हे. हा फरक अनेक सादरीकरणांत सोयीस्करपणे गाळला जातो.

आता उलटा प्रवास. अर्थशास्त्रज्ञांना ही मॉडेलं हवी होती, पण आंधळेपणाने नकोत. २०२० साली बँक ऑफ इंग्लंडच्या एका अभ्यासात १८७० पासूनची १७ देशांची आकडेवारी यंत्रापुढे ठेवून आर्थिक संकटाची चाहूल आधी लागते का, ते पाहिलं. यंत्राने जुन्या सांख्यिकी पद्धतीपेक्षा चांगला अंदाज बांधला. मग शॅपलीचं सूत्र वापरून ते यंत्र उघडलं. आत काय सापडलं? वेगाने फुगणारी कर्जं आणि दीर्घ मुदतीच्या व्याजदरातलं व अल्प मुदतीच्या दरातलं कमी झालेलं अंतर. अर्थशास्त्राच्या मुशीतली किल्ली यंत्रांच्या घरी जाऊन आली आणि तिने अर्थशास्त्राचंच कुलूप उघडलं!

आणि २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या अमिराता घोरबानी आणि जेम्स झोऊ यांनी तर रकान्यांऐवजी माणसांच्या नोंदीच रांगेत उभ्या केल्या. मॉडेल शिकवायला वापरलेल्या एकेका नोंदीचा मॉडेलच्या अचूकतेत वाटा किती? चुकीच्या नोंदी तळाशी जाऊन बसतात आणि उपयोगी वर येतात. म्हणजे तुमच्या माहितीची किंमत काय, या प्रश्नालाही निदान एक हिशेब मिळाला.

तेव्हा कर्जाचा अर्ज फेटाळला गेला, तर "सिस्टिमनेच नाकारलं" या उत्तरावर परत फिरू नका. कर्ज नाकारण्याची मुख्य कारणं लेखी कळवावीत असं रिझर्व्ह बँकेची उचित व्यवहार संहिता सांगते. ती कारणं मागा. सिस्टिमच्या पोटातला हिशेब काढता येतो.