कंपनीतलं रक्तदान शिबिर आणि मे महिन्यातली एक बॅग

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी दोन ठिकाणी आकड्यांची गडबड केली होती, ती इथे दुरुस्त केली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मी राहतो बदलापूरला, नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत. आमच्या कंपनीत दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रक्तदान शिबिर असतं. कँटीनमधली टेबलं बाजूला करायची, रक्तपेढीची माणसं खाटा घेऊन येतात, दुपारपर्यंत साठेक जण रक्त देतात. बिस्किटं, फ्रुटी, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. त्या दिवशी कंपनीत खरंच छान वाटतं, मॅनेजर आणि हेल्पर शेजारशेजारच्या खाटेवर असतात.

एका वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात स्टोअर्समधल्या एका सहकाऱ्याचा मेसेज आला. त्याचा भाचा उल्हासनगरला राहतो, थॅलेसेमिया मेजर आहे. रक्त चढवायची तारीख उलटून गेली होती आणि त्याच्या गटाची बॅग मिळत नव्हती. रक्तपेढीवाले म्हणाले, डोनर असतील तर पाठवा. आमच्या ग्रुपवर पाच मिनिटांत वीस-पंचवीस जणांनी ‘मी येतो’ लिहिलं. मग कोणीतरी तारखा मोजल्या. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, बायकांना 120 दिवसांचं. आम्ही सगळ्यांनी एकाच दिवशी दिलेलं. म्हणजे जुलैपर्यंत आमच्यातला एकही चालणार नव्हता.

आणि एप्रिलमध्ये दिलेल्या त्या बॅगा? तांबड्या पेशी फ्रीजमध्ये जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात. प्लेटलेट तर फक्त 5 दिवस. शिबिराला सहा आठवडे होऊन गेले होते. ते रक्त वापरलं तरी गेलं असेल, नाहीतर मुदत संपून बाद झालं असेल.

शेवटी शिबिराच्या दिवशी गावी गेलेला एक हेल्पर सापडला. तो गेला, दुसरी बॅग दुसऱ्या दिवशी कल्याणहून मिळाली. पोरगा तेवढे दिवस शाळा-क्लास सोडून घरात पडून होता. हिमोग्लोबिन खाली गेलं की जिना चढतानाही धाप लागते.

आता थॅलेसेमिया म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगतो, कारण आपल्या पट्ट्यात तो लांबचा आजार नाही. यात शरीराला हिमोग्लोबिन नीट बनवता येत नाही. मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही आयुष्यभर. बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा एक उपाय आहे, पण त्याला जुळणारा दाता लागतो, बहुतेकदा सख्खा भाऊ किंवा बहीण. वारंवार रक्त घेतल्यानं शरीरात लोह साठतं, ते काढायला वेगळी औषधं. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

उल्हासनगरचा इतिहास तुम्हाला माहीत असेलच. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा दिली, 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं, म्हणून आपण आजही कॅम्प नंबर सांगूनच पत्ता सांगतो. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक सरासरीपेक्षा जास्त असतात. यात कुणाचा दोष नाही, आणि बाकीचे सुटले असंही नाही. देशात सरासरी शंभरात तीन-चार जण वाहक आहेत. पण याचा एक अर्थ असा की स्टेशनच्या पलीकडे कुठल्यातरी घरात दर तीन आठवड्यांनी बॅगेची वाट पाहिली जाते.

हिशेब करून बघा. मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं असं धरलं तर वर्षातून सतराएक वेळा. मोठं झाल्यावर प्रत्येक वेळी दोन बॅगा, म्हणजे वर्षाला पस्तीसच्या आसपास. एक पुरुष वर्षातून जास्तीत जास्त चारदा देऊ शकतो. म्हणजे एका मुलामागे नऊ माणसं. नऊ! आमचं डिस्पॅच खातं तेवढंच आहे.

इथे मला आमच्या शिबिराची गफलत कळली. आमचे साठ जण वर्षातून एकदाऐवजी दोनदा आणि वेगवेगळ्या आठवड्यांत गेले, तर 120 बॅगा होतात, आठवड्याला दोनाहून थोड्या जास्त. तीन मुलांचं वर्ष निघेल एवढ्या. अर्थात तुमचीच बॅग त्याच मुलाला जाईल असं नसतं. गट जुळावा लागतो, प्रत्येक बॅगेची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांची चाचणी होते, मग रक्तपेढी ठरवते. पण साठा हलता राहिला की कुणालातरी वेळेवर मिळतं. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, लोक गावी, दिवाळीत तेच. आणि नेत्यांचे वाढदिवस, पंधरा ऑगस्ट वगैरेला गल्लोगल्ली शिबिरं. टंचाई आणि भरती दोन्ही आपणच तयार करतो.

एचआरला हे पटवणं सोपं गेलं नाही. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता: फोटो कधी काढायचा? आठवड्याला दोन माणसं जाऊन आली तर बॅनर कुठे लावणार? मला आधी राग आला, पण त्यांनाही वर अहवाल द्यावा लागतो. मग तडजोड अशी झाली की एप्रिलचं शिबिर राहिलं, पण त्यात फक्त वीस जण. बाकीच्यांची नावं गुगल शीटमध्ये आठवड्यानुसार. मे महिन्याच्या रकान्यात मुद्दाम जास्त नावं.

लोकलनं मुंबईला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायचंय. बदलापूर-अंबरनाथची निम्मी तरुण मंडळी ऑफिसला बीकेसी, पवई, अंधेरीला. तिथल्या शिबिरात रक्त देतात आणि ते रक्त शिबिर घेणाऱ्या रक्तपेढीच्या साठ्यात जातं. त्यात वाईट काहीच नाही, तिथेही पेशंट आहेतच. पण आपण झोपायला इथे आणि रक्त द्यायला तिथे, असं होतं. शिवाय रक्त देऊन संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये दीड तास उभं राहायचं, हा वेडेपणा मी एकदा केलाय, डोंबिवलीला डोळ्यांपुढे अंधारी आली होती. त्यापेक्षा ऑफिसातले जे चार-पाच जण एकाच लाइनवर राहतात त्यांनी रविवारी सकाळी घराजवळच्या परवानाधारक रक्तपेढीत एकत्र जावं. नाश्ता करून, मग घरी आराम.

उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात, फर्निचरच्या दुकानात काम करणाऱ्यांना एचआर वगैरे नसतो. तिथे शेठनं दोन तासांची सुट्टी दिली तरी खूप, पगार न कापता. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना कामाच्या दिवशी रक्त दिल्याबद्दल विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते, वर्षातून चारदा. खासगीत ते मालकाच्या मनावर.

काही गोष्टी पटकन. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. टॅटू काढला असेल तर वर्षभर थांबा. नाइट शिफ्ट करून थेट खाटेवर झोपू नका, आधी नीट झोप काढा. आमच्याकडे फोर्कलिफ्टवाले आणि उंचीवर काम करणारे त्या दिवशी त्या कामावर जात नाहीत, हे आम्ही सुपरवायझरकडून आधीच लिहून घेतो.

आणि एक विषय, जो ऐकताना बरेच जण फॉरवर्ड करतात. वाहक माणूस धडधाकट असतो, फार तर थोडं हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे त्याला पत्ताच नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर असण्याची शक्यता चारात एक. कळतं एका रक्ततपासणीत, तिचं नाव एचबीए-टू. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या शिबिरात आम्ही ही तपासणी ऐच्छिक ठेवली, रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला. लग्न न झालेली पोरं आधी हसली, मग रांग लागली. पाकिटात काय निघालं ते कुणी कुणाला विचारायचं नाही, असं ठरलं होतं आणि ते पाळलं गेलं.

या आठवड्यात शीटमध्ये माझं आणि कँटीनच्या दादांचं नाव आहे. शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की रिक्षानं उल्हासनगरला. दादांना सुईची भीती वाटते, त्यामुळे आधी मी.