चौतिशीतला आमदार आणि आमचा हाडवळा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा पुतण्या पुण्याहून सिन्नरला आला, तो खिशात सातबाऱ्याचा उतारा घेऊनच. चहाचा कप खाली ठेवण्याआधीच म्हणाला, "नाना, हाडवळ्याला गिऱ्हाईक आलंय. मुसळगावला कारखाने झाले, गोंद्याजवळून समृद्धी महामार्ग गेला. त्या मुरमाड तुकड्याला आता कुठे भाव आलाय. कलेक्टरची परवानगी काढू, नजराणा भरू आणि मोकळे होऊ. सही कराल ना?"

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. चाळिशी चढवून उतारा वाचू लागलो. भाऊबंदांच्या नावांची भली मोठी रांग, आणि पलीकडे दोनच शब्द : 'महार वतन'.

"हे काय असतं हो?" पुतण्याने विचारले.

पोरगा इंजिनिअर, पण त्याला हे ठाऊक नाही! आणि मी पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना इतिहास शिकवला. मला माझीच लाज वाटली. त्या रात्री त्याला जे सांगितले, तेच वाचकहो, आज आपल्यापुढे मांडतो आहे. सांगायला बसलो जमिनीची गोष्ट, आणि निघाली ती एका तरुण आमदाराची.

वतन म्हटले की ऐकणाऱ्याला सरदार-जहागीरदार आठवतात. आमचे वतन निराळे. गावची वेस राखायची, चावडी झाडायची, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचे, साऱ्याची रक्कम घेऊन तालुक्याच्या खजिन्यापर्यंत चालत जायचे, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले जनावर ओढायचे. वेळ ठरलेली नाही, रात्र-दिवस नाही. घरचा कर्ता आजारी असेल तर त्याच्या जागी त्याचा बाप, भाऊ, मुलगा, जो सापडेल तो. याचा मोबदला म्हणजे दारोदार मागितलेले बलुते आणि हाडवळ्याचा तुकडा. चाकरी सोडली की तुकडा गेला. १८७४ च्या वतन कायद्याने या साऱ्यावर सरकारी शिक्का बसला होता. आमचे आजोबा या वतनाचे धनी! येसकरपाळी आली की काठी घेऊन वेशीत उभे राहायचे, एवढेच त्यांचे धनीपण.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेमंडळाचे नेमलेले सभासद होते, तेव्हा १९२८ साली त्यांनी हा कायदा बदलण्याचे विधेयक मांडले. पुढे ते मागे घ्यावे लागले. पण हा प्रश्न गावच्या वेशीतून उचलून कायद्याच्या मेजावर ठेवता येतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसले. तो धागा आमच्या जिल्ह्यात ज्यांनी हाती धरला ते भाऊराव कृष्णराव गायकवाड, पुढे सगळ्या महाराष्ट्राचे कर्मवीर दादासाहेब.

त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वय अवघे सत्तावीस, आणि सत्याग्रह समितीचे चिटणीसपद त्यांच्याकडे. बाबासाहेब मुंबईत, कधी विलायतेत गोलमेज परिषदेला. इकडे माणसे जमवायची, धरपकड झाली की घरच्यांना धीर द्यायचा, पैशाची तजवीज करायची, हा रोजचा संसार भाऊरावांचा. सत्याग्रह पाच वर्षांवर चालला. देवाचे दार काही उघडले नाही.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी भाऊरावांना एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की देवळात जाऊन उद्धार होईल म्हणून हा लढा आरंभला नव्हता. माणसे जागी व्हावीत म्हणून आरंभला होता. ते काम झाले. आता बळ लावायचे ते राजकारण आणि शिक्षण यांवर. वाचकहो, ज्याने चार वर्षे त्या दारापुढे काढली त्याला हे वाचून काय वाटले असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी. पण पुढच्या घटना सांगतात, की तरुण चिटणिसाने देवळाचा रस्ता सोडला आणि कायदेमंडळाचा धरला.

१९३२ च्या पुणे कराराने राखीव जागा आल्या होत्या. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्याच्या निवडणुका झाल्या आणि नाशिक जिल्ह्यातून भाऊराव गायकवाड निवडून आले. वय चौतीस. तेव्हा मत सर्वांना नव्हते. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. त्या गाळणीतून जेवढी मते खाली उतरली तेवढ्यांवर हा माणूस सभागृहात गेला.

गेला खरा, पण सभागृह भरले किती दिवस? त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी कोकणातली खोती मोडण्याचे विधेयक आणले, पक्षाचे सभासद विरोधी बाकांवरून झुंजू लागले. एवढ्यात १९३९ ला महायुद्ध पेटले. नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नराने कारभार हाती घेतला, आणि सभागृहाला कुलूप लागले ते १९४६ पर्यंत. आमदारकी नऊ वर्षांची, आणि सभागृह चालले पुरती अडीच वर्षेही नाही!

आजचा एखादा आमदार अशा वेळी घरी बसला असता, असे मी म्हणणार नाही. उगाच कुणाचे मन का दुखवा? पण सभागृह मिटले तेव्हा वतनाचा प्रश्न उघड्या माळावर आला, हे खरे. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार वतनदारांची मोठी परिषद झाली. सरकारने वतनजमिनींवरची आकारणी वाढवली, तेव्हा ऑगस्ट १९४१ च्या मध्यास तिच्या निषेधार्थ महार, मांग आणि वेठिया यांची परिषद भरली ती कुठे? आमच्या सिन्नरला! अध्यक्ष स्वतः बाबासाहेब.

आमचे आजोबा त्या परिषदेला गेले होते. येसकरपाळी त्यांचीच होती. चुलतभावाला वेशीत उभे करून ते पहाटेच्या अंधारात निघाले. भाषणातले त्यांना पुढे फारसे सांगता येत नसे. एवढेच म्हणत, "आपल्या जमिनीचं कुणी मोठ्यानं बोलतंय, हे त्या दिशी पयल्यांदा ऐकलं." परत आल्यावर चावडीवर त्यांना जाब विचारला गेला. त्यांनी काय उत्तर दिले ते घरात कोणाला कळले नाही. मात्र त्यानंतर त्यांनी मेलेले जनावर ओढले नाही.

यानंतरही कायदा यायला सतरा वर्षे लागली. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा सगळीकडे धुव्वा उडाला. दादासाहेबांनी मैदान सोडले नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते नाशिकहून लोकसभेवर गेले. १९५८ साली मुंबई राज्याने कनिष्ठ गावनोकरांची वतने रद्द करणारा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून तो लागू झाला. चाकरी संपली. ठरलेली रक्कम सरकारात भरली की तीच जमीन वतनदाराच्या मालकीची, फक्त कलेक्टरच्या परवानगीवाचून विकायची नाही. हा कायदा एकट्या दादासाहेबांनी केला असे मी म्हणत नाही. तीस वर्षे कितीतरी जणांनी भिंतीला टक्कर दिली, त्यांत हा एक खांदा कधी बाजूला झाला नाही, एवढेच माझे म्हणणे.

रक्कम भरायला आजोबांनी दोन शेळ्या विकल्या, हे मला चांगले आठवते. त्यातली एक माझी लाडकी होती. पावती घेऊन ते घरी आले, कोपऱ्यातली येसकराची काठी उचलली आणि आईला म्हणाले, "चुलीत घाल." आईने त्या काठीवर भाकरी भाजल्या.

पण ज्यांच्याकडे हाडवळाही नव्हता, त्यांचे काय? दादासाहेबांनी आधी १९५९ ला, मग १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. हजारोंनी तुरुंग भरले. त्यात आमची आईही होती. तेव्हा दादासाहेब राज्यसभेत होते, वय साठीपुढे. कायदेमंडळात बसणे आणि रस्त्यावर बसणे यांत त्यांना कधी विरोध दिसला नाही. १९६८ ला पद्मश्री मिळाली, आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची सरकारी योजना पुढे त्यांच्याच नावाने निघाली.

माझे सांगणे संपले तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. पुतण्या बराच वेळ उताऱ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे विकायची नाही?"

मी म्हटले, "असं कोण म्हणतंय? आपल्या आजोबांना ती धरून ठेवावी लागत होती, आणि तिच्यापायी दुसऱ्याची काठीही धरावी लागत होती. आज ठेवायची की द्यायची, हे तू ठरवू शकतोस. त्या माणसांनी मिळवलं ते हेच. सही मागशील तेव्हा देईन. पण ज्या जमिनीवर सही करायची, तिथे एकदा तरी पाय लावून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे हाडवळ्यावर गेलो. मुरूमच तो, मधे दोन बाभळी. पुतण्या बांधावरून चारही बाजूंनी चालत आला. शहरातले बूट धुळीने माखले. परतताना त्याने उतारा घडी करून माझ्या हातात दिला.

"हा सध्या तुमच्याजवळच राहू द्या, नाना," म्हणाला. "पुढच्या सुट्टीत पोरांना घेऊन येतो. त्यांनाही सांगा."

उतारा माझ्या ट्रंकेत आहे. सही अजून झालेली नाही. पोरांची वाट पाहतो आहे.