काटकसरीचं बेकन सँडविच

८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांचं रेशन सुरू झालं. पहिल्या यादीत तीनच नावं होती: लोणी, साखर आणि बेकन. बेकन माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे जेमतेम ११३ ग्रॅम. खारवलेल्या डुकराच्या मांसाचं नाव इतक्या लवकर यादीत यायचं कारण म्हणजे कामकरी घरांची सकाळ त्याच्यावर उभी होती आणि त्यातला मोठा वाटा समुद्रापलीकडून, मुख्यतः डेन्मार्कमधून यायचा. जर्मनीने १८८७ मध्ये डॅनिश डुकरांची आयात बंद केली. त्याच सुमारास डॅनिश शेतकऱ्यांनी हॉर्सेन्सला पहिला सहकारी बेकन कारखाना काढला आणि इंग्रजांची न्याहारी हीच आपली बाजारपेठ मानली. पुढे डुकराची जातसुद्धा त्या न्याहारीच्या मापाने पैदा केली, लांब पाठीची आणि कमी चरबीची. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या वाचकाला या उद्योगाचं मोल वेगळं सांगायला नको. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या आणि हा पुरवठा तुटला.

मग लोकांनी गल्लीगल्लीत डुकरं पाळली. शेजारची घरं एकत्र येऊन ‘पिग क्लब’ काढत. बटाट्याची सालं, उष्टं-खरकटं डुकराला घालत आणि मांसाचा ठरलेला हिस्सा सरकारला देत. युद्ध संपल्यावर तरी सुबत्ता यावी, तर तेही नाही. मे १९४५ मध्ये विजयाचा जल्लोष झाला आणि त्याच महिन्यात बेकनचं रेशन चार औंसांवरून तीनवर आलं. युद्धभर ज्या पावावर रेशन आलं नव्हतं, तो पाव जुलै १९४६ पासून दोन वर्षं कूपनावर मिळत होता. मांस आणि बेकन सर्वांत शेवटी, ४ जुलै १९५४ ला मोकळं झालं.

या साडेचौदा वर्षांत तिथल्या बायकांनी जी हातोटी कमावली, तीच मला आजही खऱ्या बेकन सँडविचचा पाया वाटते. बेकन हे पोट भरायला नसतं, ते पावाला चव द्यायला असतं. एकच पट्टी थंड तव्यावर ठेवायची, मंद आचेवर तिची चरबी सुटू द्यायची आणि त्या चरबीत पाव परतायचा. पोट पावाने भरतं, पण तोंडात चव मांसाची राहते. कमी पैशांत जास्त मांस कसं कोंबावं, हा प्रश्न त्या स्वयंपाकघरात नव्हताच.

रेशन उठलं, तशी काटकसर घरातून निघून कारखान्यात गेली. पुढच्या सगळ्या बदलांचं मूळ मला इथेच दिसतं.

आधी पाव बदलला. १९६१ मध्ये हर्टफर्डशरमधल्या चॉर्लीवूड इथल्या संशोधकांनी कणीक अतिवेगाने मळायची पद्धत काढली. तासन्‌तास फुगवत ठेवायचं पीठ आता मिनिटांत तयार होऊ लागलं. ब्रिटनमधला कमी प्रथिनांचा गहूही चालू लागला आणि मऊ, पांढरा, कापलेला पाव स्वस्त झाला. जुन्या बेकरीचे चाहते या पावाला नावं ठेवतात आणि रोजच्या खाण्यासाठी त्यांचं म्हणणं मलाही पटतं. बेकन सँडविचला मात्र तोच पाव लागतो. जाड कवचाचा महागडा पाव चरबी शोषत नाही आणि चावताना बेकन बाहेर ओढलं जातं. आदल्या दिवशीचा, किंमत उतरवलेला पांढरा पाव इथे सर्वांत उत्तम.

मग बेकन बदललं आणि हा बदल मला खटकतो. विल्टशरमधल्या कॅल्न गावात हॅरिस कुटुंबाने नावारूपाला आणलेल्या पद्धतीत मांस खारवणीत कित्येक दिवस मुरायचं. त्यांचा तिथला मोठा कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. स्वस्त पाकिटांसाठी सुयांनी खारं पाणी थेट मांसात भरायची घाईची रीत तोवर रुळली होती. असं बेकन तव्यावर पडलं की पांढरा फेस सुटतो, पट्टी आक्रसते आणि परतायच्या ऐवजी शिजते. गरिबाने स्वस्त म्हणून उचललेल्या पाकिटात तो पाण्याचे पैसे भरत असतो.

२००७ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या अन्नशास्त्रज्ञांनी उत्तम बेकन सँडविच शोधण्यासाठी सुमारे ७०० प्रकार करून पाहिले. खर्च डॅनिश बेकनवाल्यांचा होता, तरी निष्कर्ष मोलाचा आहे: चवीइतकाच, किंबहुना जास्तच, कुरकुरीतपणा महत्त्वाचा ठरला. पाण्याने फुगवलेली पट्टी नेमकी तिथेच मार खाते.

सॉसची गोष्ट आपल्याला जवळची आहे. या सँडविचवर घेतात तो तपकिरी एचपी सॉस नॉटिंगहॅमच्या गार्टन नावाच्या किराणा दुकानदाराचा. त्याने ती कृती १९०३ मध्ये विकून टाकली. बाटलीवर लंडनच्या संसद भवनाचं चित्र आणि आत चिंच, खजूर, व्हिनेगर, मसाले! लंडनच्या मराठी घरात चिंच-खजुराची चटणी असतेच. त्यात थोडं व्हिनेगर ढवळलं की बाटली विकत घ्यायचं कारण उरत नाही. याच लंडनमध्ये २०१० साली मुंबईच्या इराणी हॉटेलांची आठवण जागवणारं ‘दिशूम’ उघडलं आणि त्याचा बेकन नान रोल गाजला. नान, मिरची-टोमॅटोचा जॅम, कोथिंबीर हा मेळ सुरेख आहे. बेताच्या खिशासाठी मात्र नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरतं असं जाहीर केलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे हे रोजचं अन्न राहू नये, हे मी मनापासून सांगेन. आठवड्यातून एखाद्या सकाळी, तेही थोडंसं.

मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये अन्नाची महागाई १९ टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरचं एक पाकीट पुन्हा अनेकांच्या टोपलीत दिसू लागलं. त्याला ‘कुकिंग बेकन’ म्हणतात. पट्ट्या कापताना उरलेले वेडेवाकडे तुकडे त्यात असतात. मांस तेच, फक्त आकार नाही, म्हणून भाव बराच कमी. घरी आणल्यावर आधी निवड करावी: पातळ, चरबीचे तुकडे सँडविचला, जाड गोळे वाटाण्याच्या सूपला. एकेका वेळेपुरते पुडे करून गोठवून ठेवावेत.

करताना तेल अजिबात घालू नये. तुकडे थंड तव्यावर पसरून मंद आच द्यावी. पाणी सुटलं की तवा तिरका करून ते ओतून टाकावं. ही एक पायरी गाळली तर कुरकुरीतपणा येत नाही. मग आच वाढवून उलथन्याने दाबत कडा तांबूस होऊ द्याव्यात. तुकडे बाजूला सारून पावाचे दोन्ही स्लाइस एकाच अंगाने त्या चरबीत टेकवावेत, ते अंग आत ठेवून मध्ये बेकन आणि चमचाभर चटणी घालावी आणि तळहाताने हलकं दाबावं. मीठ घालायची गरज नाही, लोण्याचीही नाही. तव्यात उरलेली चरबी गाळून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या कापांना पुरते.