पऱ्हाटीतील साखर

कौंडण्यपूर हे गाव वर्धा नदीच्या काठी आहे. या भागात कापसाचे पीक मोठे. वेचणी संपली, की शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. काही चुलीत जातात, उरलेल्या धुऱ्यावर पेटवून देतात. या पऱ्हाटीत साखर आहे असे सांगितले, तर तुम्हांला खरे वाटेल का?

पऱ्हाटी गोड लागत नाही, कारण तिच्यातील साखरेचे कण एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. या लांब साखळीला सेल्युलोज म्हणतात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच! पऱ्हाटीत मात्र सेल्युलोजभोवती लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाचे वेष्टन असते. बिर्याणीला दम देताना देगेचे झाकण कणकेने बंद करतात ना, तसेच हे. म्हणून पऱ्हाटी आधी बारीक करून वाफेने किंवा सौम्य आम्लाने मऊ करावी लागते.

पुढे साखळी तोडायला सूक्ष्मजीव मदत करतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजू लागले. शोध घेतला, तेव्हा एक बुरशी ते खात असल्याचे आढळले. संशोधक एल्विन रीस यांच्या नावावरून तिला पुढे ‘ट्रायकोडर्मा रीसी’ हे नाव मिळाले. आज हीच बुरशी वाढवून तिच्यापासून सेल्युलोज तोडणारी विकरे तयार करतात. आपले शेतकरी हरभऱ्याच्या बियाण्याला जो ट्रायकोडर्मा चोळतात, तो हिचाच भाऊबंद.

साखर सुटी झाली, की किण्व, म्हणजे तुमच्या ओळखीचे खमीर, तिचे इथेनॉल बनवते. हे इंधन पेट्रोलमध्ये मिसळतात. पण पऱ्हाटीत ग्लुकोजबरोबर झायलोज नावाची साखरही असते आणि साधे खमीर तिला शिवतही नाही! म्हणून शास्त्रज्ञांनी इतर सूक्ष्मजीवांची जनुके घालून झायलोज वापरणारे खमीर तयार केले. त्यामुळे तेवढ्याच काडीकचऱ्यातून जास्त इंधन मिळू शकते.

हरियाणातील पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा एका कारखान्याचे लोकार्पण झाले. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल बनवण्याची त्याची योजना आहे. म्हणजे एका टनापासून सुमारे १५० लिटर.

पऱ्हाटीचे काम याहून अवघड आहे. तिच्यात पेंढ्यापेक्षा लिग्निन जास्त असते. शिवाय ती उपटून, तुकडे करून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्चही मोठा. तो भरून निघेल असा भाव मिळाला, तरच शेतकरी ती विकील. आणि ज्या घरांत आजही पऱ्हाटीवरच स्वयंपाक होतो, त्यांना दुसरे सरपण कोठून मिळणार, हेही आधी पाहावे लागेल.