कुजबुजीच्या सज्जाखालचा भार

विजापूरच्या गोलघुमटाची ख्याती प्रतिध्वनीमुळे पसरली असली, तरी वास्तुकलेचा विद्यार्थी तेथे टाळी वाजवण्याआधी मान वर करतो. कारण सुमारे 41 मीटर बाजूच्या चौकोनी दालनावर, मध्ये एकही खांब न घेता, जवळपास 38 मीटर अंतर्व्यासाचा घुमट कसा पेलला गेला, हा प्रश्न त्याला आधी गाठतो. मुहम्मद आदिलशहाची ही कबर 1656च्या सुमारास पूर्ण झाली आणि तिचा रचनाकार म्हणून याकूत या दाभोळच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या, स्थपतीचे नाव सांगितले जाते.

घुमट म्हणजे स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती फिरवलेली कमान, त्यामुळे कमानीचा मूळ स्वभाव त्यालाही सुटत नाही. माथ्याचे वजन खाली उतरताना पायथ्याला बाहेर ढकलते. या ढकलण्याला ‘आडवा रेटा’ म्हणतात. विटा-चुन्याचे बांधकाम दाब भरपूर सोसते, पण ताण फारसा सोसत नाही, म्हणून रेटा आवरला नाही तर पायथा फाकून घुमटाला उभ्या भेगा पडतात. रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला अशाच भेगांमुळे अठराव्या शतकात लोखंडी कडी घालावी लागली.

विजापुरात हा रेटा वजनानेच आवरला आहे. दालनाच्या चौकोनात एकमेकांशी 45 अंशांत वळवलेले दोन चौरस कल्पून त्यांच्या बाजूंवर आठ उंच कमानी उभारल्या आहेत; त्या एकमेकींना छेदत वर जातात, तेव्हा आठ टोकांची चांदणी उमटते, तिच्या पोटात अष्टकोन तयार होतो आणि त्यावर वर्तुळ सहज बसते. कमानींच्या मधल्या त्रिकोणी, आत झुकत जाणाऱ्या बांधकामाला ‘पेंडेंटिव्ह’ म्हणतात. येथे ते घुमटाच्या कडेच्याही पुढे, दालनाच्या पोकळीवर झेपावते, त्यामुळे घुमट जितका बाहेर रेटतो, त्याला उलट ओढ हे झुकते वजन आतून देते. एकोणिसाव्या शतकातील वास्तु-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी या युक्तीची मनापासून वाखाणणी केली होती आणि आजही ती तितकीच थक्क करते, कारण जे वजन एरवी अडचण ठरले असते, तेच येथे आधार झाले आहे.

घुमटाच्या पायथ्याशी आतून फिरणारा, तीन मीटरांहून अधिक रुंद सज्जा याच झेपावलेल्या बांधकामाच्या माथ्यावर आहे. गोल भिंतीला लागून परावर्तित होत जाणारी कुजबुज जेथे पलीकडच्या कानापर्यंत पोहोचते, त्या सज्जाच्या कठड्याशी विद्यार्थी उभा राहतो, तेव्हा त्याचे स्वतःचे वजनही, कणभर का होईना, घुमटाला आत ओढत असते.