झाकण मिटल्यावर संगणक जागा ठेवण्याविषयी

क्षेत्रीय अभ्यासात ध्वनिमुद्रण चालू असताना लॅपटॉपचे झाकण मिटू नये, असा एक समज आमच्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे, हे मला एका निवेदनाला मुकल्यावर कळले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका वाडीत एक वृद्ध बाई मालवणीत आपल्या लग्नाची हकीकत सांगत होत्या. त्यांची नजर वारंवार उजळ पडद्याकडे जाई आणि वाक्य अडखळे. म्हणून मी हलकेच झाकण लावले. त्यानंतर हकीकत पाऊण तास रंगली. संगणकात मात्र आरंभीची सहा मिनिटेच आढळली. पुढच्या भेटीत बाईंनी तीच हकीकत अकरा मिनिटांत आटोपली. विल्यम लॅबव्ह ज्याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हणतात, त्याचाच हा एक प्रकार म्हणावयाचा.

असे का व्हावे? झाकणाच्या कडेत एक लहानसा चुंबक आणि खालच्या भागात त्याची चाहूल घेणारा संवेदक असतो. विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर आडवे चुंबकीय क्षेत्र आले की तिच्या दोन कडांमध्ये विद्युद्दाब उत्पन्न होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखविले. बहुतेक संवेदक याच तत्त्वावर चालतात. (लॅपटॉपवर दुसरा लॅपटॉप ठेवला असता खालचा कधी कधी आपोआप निजतो, त्याचे कारणही हेच.) परंतु संवेदक केवळ वार्ता देतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये वीजव्यवस्थापनाची जी समाईक प्रणाली प्रसिद्ध केली, तिच्यानुसार त्या वार्तेवर काय करावयाचे हे कार्यप्रणाली ठरविते. निजावे हा केवळ तिचा पूर्वनियोजित निर्णय होय, आणि तो बदलता येतो. आपण डोळे, पुस्तक आणि छत्री ‘मिटतो’, डबा मात्र ‘बंद करतो’. यंत्रकर्त्यांनी हे झाकण पापणीसारखे मानले, एवढाच याचा अर्थ.

निद्रावस्थेत स्मृतीला वीज मिळत राहते, प्रक्रियक मात्र थांबतो. त्यामुळे शब्दगणना करणारी आज्ञावली झाकण उघडताच थांबल्या जागेवरून पुढे चालू लागते. तेथे हानी फक्त वेळेची. मुद्रणात मधला ध्वनी कायमचा जातो.

विंडोजमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘पॉवर ऑप्शन्स’ येथे झाकण मिटण्यासंबंधीची निवड ‘डू नथिंग’ अशी करावी. तेथे बॅटरी व वीजजोडणी असे दोन स्वतंत्र स्तंभ आहेत. घरी जोडणी लावून प्रयोग करणारा अभ्यासक दुसराच स्तंभ बदलतो आणि वाडीवर बॅटरीवर मुद्रण करू लागतो! काही वेळ कळ दाबली नाही तर येणारी निद्रा याहून वेगळी. तीही स्वतंत्रपणे बंद करावी लागते. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत ‘लॉगिनडी’च्या संरचना-फाइलीत ‘हँडललिडस्विच’ यापुढे ‘इग्नोर’ लिहून यंत्र पुन्हा सुरू करावे. केडीईसारखे पर्यावरण हा निर्णय स्वतःकडे घेते, तेथे त्याच्याच सेटिंगमध्ये बदल करावा.

मॅकबुकची गोष्ट निराळी. तेथील ‘कॅफिनेट’ ही आज्ञा निष्क्रियतेमुळे येणारी निद्रा अडविते, झाकणामुळे येणारी नव्हे. शिवाय टी२ चिप असलेल्या व अ‍ॅपल सिलिकॉनवरील मॅकबुकांत झाकण मिटताच अंगचा ध्वनिग्राहक विद्युत्दृष्ट्याच तोडला जातो. ही खासगीपणाच्या रक्षणासाठी केलेली योजना असल्याने कोणत्याही आज्ञेने ती फिरविता येत नाही. येथे झाकण उघडे ठेवून पडद्याची उजळणी शून्यावर आणणे हाच माझ्या मते शहाणा मार्ग. अन्य यंत्रांतही मिटलेल्या झाकणाखालील ध्वनिग्राहकावर विसंबू नये. बाह्य ध्वनिग्राहक जोडावा.

जागे यंत्र तापते. कित्येकांची उष्णता कळफलकातून व बिजागरीजवळून बाहेर पडते. म्हणून असे यंत्र पिशवीत घालू नये, गादीवरही ठेवू नये. निघण्यापूर्वी बॅटरीवर, झाकण मिटून, मुद्रणास लागणार तेवढा वेळ चाचणी घ्यावी व ती शेवटपर्यंत ऐकावी. परतल्यावर सेटिंग पूर्ववत करावे.