मोटारीचा वेग आणि मोटारीचा तोल

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला तोलाचे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. माल पुढे अधिक झाला, की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. मागे अधिक झाला, की ती उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. मग जोडी कितीही जातिवंत असो, तिच्या बळाचा उपयोग होत नाही. हाच नियम स्पोर्ट्‌स कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रीडामोटारीलाही लागू आहे. परंतु ती विकत घेताना त्याचे स्मरण क्वचितच राहते.

ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, शून्यापासून ताशी 100 किलोमीटर वेग गाठण्यास गाडीला किती सेकंद लागतात? 2023 साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातून नागपूर-बैतुल महामार्ग जातो. त्याच्या सरळ पट्ट्यावर या आकड्याचे कौतुक क्षणभर वाटेलही. पण सौंसरहून छिंदवाड्याकडे जाणारी गाडी सिल्लेवानी घाटात शिरली, की तो आकडा निरुपयोगी ठरतो. तेथे गाडी वळणावर कशी वागते, यावर आत बसलेल्यांचा जीव अवलंबून असतो.

याचे कारण साध्या गणितात आहे. वेग दुप्पट झाला, की वळणावर गाडीला मार्गावर ठेवण्यासाठी लागणारे बल चौपट होते. 50 मीटर त्रिज्येचे वळण ताशी 40 किलोमीटर वेगाने घेताना हे बल गाडीच्या वजनाच्या सुमारे एक-चतुर्थांश असते. ताशी 80 किलोमीटरला ते जवळजवळ वजनाइतके होते. सामान्य टायरची पकड तेथे अपुरी पडते. शिवाय ही पकड म्हणजे मोजकी पुंजी असते. ब्रेक लावण्यात ती खर्च झाली, की वळण्यासाठी तितकी कमी उरते.

या पुंजीचा उपयोग चारही चाकांकडून होण्यासाठी भार योग्य रीतीने विभागलेला असावा लागतो. नाकाशी अवजड इंजिन असलेली धुरजड मोटार वळणावर स्टिअरिंगला दाद न देता बाहेरच्या कडेकडे सरकू पाहते. मागे जड असलेल्या मोटारीचे, विशेषतः चालकाने घाबरून एकाएकी वेग कमी केला असता, शेपूट फिरते. म्हणून कुशल रचनाकार जड भाग शक्य तितके खाली आणि दोन्ही आसांच्या दरम्यान ठेवतो. 1989 साली निघालेल्या जपानच्या माझ्दा एमएक्स-5 या लहानशा मोटारीत शक्ती बेताचीच होती. पण वजन कमी आणि पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ समान होते. तेवढ्या बळावर तिने जगभर चाहते मिळवले. टाटा मोटर्सने 2017 साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या रेसमो या मोटारीचे इंजिनही आसनांच्या मागे, मागील आसाच्या पुढे होते. ती बाजारात आली नाही, तरी तिच्या रचनेमागील विचार हाच होता.

तेव्हा मोटार पारखणाऱ्याने ती सरळ रस्त्यावर पळवून समाधान मानू नये. ओळखीच्या वळणावर, कायद्याच्या वेगमर्यादेत, ती चालवून पाहावी. स्टिअरिंग फिरवताच पुढची चाके वळतात काय, खड्ड्यावरून जाताना मार्ग ढळतो काय, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूस ओढते काय, आणि टायरची पकड संपत आल्याची चाहूल चालकाच्या हाताला आधी लागते काय, हे पाहावे. शेवटची कसोटी सर्वांत मोलाची. कारण आधी सूचना देणारी गाडी चालकाला सावरण्यास अवधी देते. अधिक शक्तीचे इंजिन बहुधा अधिक वजनाचे असते, आणि ते वजन प्रत्येक वळणावर व प्रत्येक उतारावर टायरांना व ब्रेकना पेलावे लागते.

वेगाचा आनंद त्याज्य नाही. पण सरळ रस्त्यावरचा वेग कोणालाही पैशाने मिळतो. घाटातले वळण सफाईने आणि निर्धास्तपणे पार करण्याचा आनंद मात्र तोल राखणारी गाडी आणि मर्यादा ओळखणारा चालक यांनाच लाभतो.